आईबाबांनी ग्रीन कार्ड परत केलं, टॅक्सची नोटीस मात्र मुलाला: गिफ्ट, वारसा आणि अमेरिकेचा ४० टक्क्यांचा नियम

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' आणि मधला चहा काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पैशांबद्दलच बोलायचंय, पण शेअर, एसआयपी, क्रेडिट कार्ड यातलं काही नाही. आजचा विषय आहे आईवडिलांकडून येणारा पैसा. विषय अमेरिकेतल्या टॅक्सचा असला तरी त्याची मुळं पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणच्या घरांत आहेत. ज्यांचा भाऊ, बहीण, मित्र किंवा मैत्रीण तिकडे आहे आणि ज्यांचे आईबाबा तिकडे राहून परत आलेत, त्यांनी शेवटपर्यंत ऐका. म्हणजे, वाचा.

आधी आपल्याकडची परिस्थिती एका मिनिटात. भारतात इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये बंद झाली. गिफ्ट टॅक्स १९९८ मध्ये गेला. आज आईवडील, आजीआजोबा, सख्खे भाऊबहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याकडून कितीही रक्कम भेट म्हणून आली तरी घेणाऱ्यावर इन्कम टॅक्स नाही. देणारा न्यू जर्सीत असो की नागपुरात, फरक पडत नाही. वारशाने आलेल्या गोष्टीवरही टॅक्स नाही, मग ती कोणाकडूनही येवो. मित्राकडून मात्र वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त आले तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात. आणि गंमत बघा, चुलतभाऊ आणि मामेभाऊ कायद्याच्या 'नातेवाईक' यादीत बसत नाहीत. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मामाने पाठवलेले पैसे चालतात, मामेभावाने पाठवलेल्यांवर टॅक्स लागू शकतो.

या सगळ्यामुळे आपल्या डोक्यात एक वाक्य फिट्ट बसलेलं असतं: 'आईबाबांनी मुलाला दिलं, त्यात कसला टॅक्स?' भारतात ते बरोबर आहे. मुलगा अमेरिकेत असेल आणि आईबाबांनी एकेकाळी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड सोडलं असेल, तर हेच वाक्य खूप महाग पडू शकतं.

नियम नेमका काय आहे?

अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात कलम २८०१ आहे. ते २००८ मध्ये आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिका सोडून गेलेली काही विशिष्ट माणसं, ज्यांना कायदा 'कव्हर्ड एक्सपॅट्रिएट' म्हणतो, त्यांच्याकडून अमेरिकेतल्या व्यक्तीला भेट किंवा वारसा मिळाला, तर त्यावर ४० टक्के टॅक्स. आणि तो भरायचा घेणाऱ्याने.

हा 'घेणाऱ्याने' शब्द लक्षात ठेवा. एरवी अमेरिकेत गिफ्ट टॅक्स देणाऱ्यावर असतो आणि इस्टेट टॅक्स गेलेल्या माणसाच्या मालमत्तेतून जातो. इथे उलटं आहे, कारण सोपं आहे. देणारा देश सोडून गेलाय, त्याच्यावर अमेरिकेचा हात पोहोचत नाही. मुलगा तिथेच आहे, मग त्याच्याकडून घ्या.

कायदा २००८ चा असला तरी तो प्रत्यक्षात कसा राबवायचा याचे अंतिम नियम यायला जानेवारी २०२५ उजाडलं. मधल्या काळात टॅक्स खात्याने, म्हणजे आयआरएसने, रिपोर्टिंग लांबणीवर टाकलं होतं. त्यामुळे भले भले लोक हे कलम विसरून गेले. आता १ जानेवारी २०२५ पासून मिळालेल्या भेटी आणि वारशांना ते नियम लागू आहेत. म्हणून आज हा एपिसोड.

एक्सपॅट्रिएट म्हणजे कोण?

दोन प्रकारची माणसं. एक, ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं. दोन, ज्यांनी बराच काळ ठेवलेलं ग्रीन कार्ड सोडलं. दोघांनीही १७ जून २००८ किंवा त्यानंतर सोडलेलं असलं पाहिजे.

आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त. 'बराच काळ' म्हणजे गेल्या १५ टॅक्स वर्षांपैकी किमान ८ वर्षांत ग्रीन कार्ड असणं. यात एक खाचखळगा आहे. वर्षातला एक दिवस जरी ग्रीन कार्ड असलं तरी ते अख्खं वर्ष मोजलं जातं. समजा, कार्ड डिसेंबर २०१८ मध्ये मिळालं आणि जानेवारी २०२५ मध्ये परत केलं. घड्याळाने सहा वर्षं आणि काही आठवडे. कायद्याच्या हिशोबाने २०१८ ते २०२५, म्हणजे आठ वर्षं. गेलात यादीत! एच-वन-बी किंवा एल-वन व्हिसावरची वर्षं मात्र या मोजणीत येत नाहीत.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आपल्या घरांतली वाटते. मुलाने नागरिक झाल्यावर आईबाबांना ग्रीन कार्ड काढून दिलं. ते सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे करत राहिले. मग थंडी, एकटेपणा, गुडघे. शेवटी परत आले आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. कार्डाची मुदत संपली, सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण टॅक्सच्या दृष्टीने कार्डाची मुदत संपणं म्हणजे दर्जा संपणं नव्हे. आय-४०७ हा फॉर्म भरून दर्जा रीतसर सोडला, किंवा सरकारने तो काढून घेतला, असं काहीतरी व्हावं लागतं. तोपर्यंत मोजणी चालूच राहते. भारत-अमेरिका करारातल्या तरतुदीचा आधार घेऊन 'मी टॅक्ससाठी भारताचा रहिवासी' असं रिटर्नमध्ये लिहिलं, तरी आठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी तेसुद्धा 'सोडून जाणं' धरलं जातं.

मग 'कव्हर्ड' कोण?

सोडून गेलेला प्रत्येक माणूस कव्हर्ड नसतो. तीन चाचण्या आहेत. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत मध्ये 'ऑर' आहे, 'अँड' नाही. एक जरी खरी निघाली तरी माणूस कव्हर्ड.

पहिली, टॅक्सची. सोडण्याआधीच्या पाच वर्षांत भरायच्या इन्कम टॅक्सची वार्षिक सरासरी ठरावीक रकमेच्या वर असणं. २०२५ मध्ये सोडणाऱ्यांसाठी ती २,०६,००० डॉलर होती. लक्षात घ्या, हे उत्पन्न नाही, टॅक्स आहे. फार थोडे लोक यात बसतात.

दुसरी, संपत्तीची. सोडण्याच्या दिवशी एकूण निव्वळ संपत्ती २० लाख डॉलर किंवा जास्त. डॉलर ८५ रुपये धरला तर १७ कोटी. 'एवढे कुठले आमच्याकडे,' असं म्हणायच्या आधी बेरीज करा. यात जगभरातलं सगळं येतं: तिकडचं घर, ४०१-के, शेअर, पुण्यातला फ्लॅट, गावाकडच्या जमिनीतला हिस्सा, एफडी. आयटीत पंचवीस वर्षं तिकडे काढलेल्या माणसासाठी हा आकडा अशक्य नाही. शिवाय टॅक्सची मर्यादा महागाईप्रमाणे वाढते, ही २० लाखांची मात्र वाढत नाही. नवराबायकोची संपत्ती वेगवेगळी मोजतात, हा त्यातल्या त्यात दिलासा.

तिसरी चाचणी सगळ्यात साधी दिसते आणि सगळ्यात जास्त घात करते. सोडण्याआधीच्या पाच वर्षांत अमेरिकेचे सगळे टॅक्स नियम पाळले, असं फॉर्म ८८५४ वर शपथेवर लिहून द्यावं लागतं. ते दिलं नाही, किंवा देता आलं नाही, तर माणूस कव्हर्ड. खात्यात दोन लाख रुपये असले तरी!

आता आपल्या काकाकाकूंचा विचार करा. ग्रीन कार्ड असणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. भारतातली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं. 'आमची तिकडे कमाईच नव्हती, कशाला रिटर्न भरायचं?' हे वाक्य किती घरांत ऐकू येईल? उत्पन्न रिटर्न भरण्याच्या मर्यादेच्या वर असेल आणि रिटर्न भरलेच नसतील, तर तिसरी चाचणी तिथेच अडते. आणि रिटर्न नीट भरले असले तरी ८८५४ हा फॉर्म असतो हेच माहीत नसतं. कार्ड वकिलाताईंच्या सल्ल्याने परत केलं जातं, ही इमिग्रेशनची बाजू झाली. टॅक्सची बाजू तशीच राहते.

लोक एक्झिट टॅक्सबद्दल ऐकून असतात आणि 'आपल्याला तो लागला नाही, सुटलो' असं म्हणतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्झिट टॅक्समध्ये न विकलेल्या मालमत्तेच्या काल्पनिक नफ्यावर मोठी सूट असते, २०२५ साठी ८,९०,००० डॉलर. त्यामुळे एक्झिट टॅक्स शून्य येऊ शकतो आणि तरीही माणूस कव्हर्ड राहू शकतो. आणि एकदा कव्हर्ड झाला की हा शिक्का वर्षांनी पुसला जात नाही. दहा वर्षांनी दिलेली भेट असो की तीस वर्षांनी मिळालेला वारसा, नियम तोच.

आकडे घालून बघू

समजा, बाबा कव्हर्ड आहेत, कोथरूडला राहतात. मुलगी न्यू जर्सीत, अमेरिकेची नागरिक. २०२६ मध्ये बाबा गेले आणि मृत्युपत्राप्रमाणे फ्लॅट मुलीला मिळाला. किंमत ३,१९,००० डॉलर, म्हणजे ८५ च्या दराने साधारण २ कोटी ७१ लाख रुपये.

यातून वर्षाची सूट वजा होते, २०२६ साठी १९,००० डॉलर. उरले ३ लाख. त्याचे ४० टक्के, १,२०,००० डॉलर. रुपयांत एक कोटी दोन लाख. हे मुलीने भरायचे, आणि फ्लॅट अजून विकलेलासुद्धा नाही.

यात चार गोष्टी टोचणाऱ्या आहेत.

पहिली, ती १९,००० ची सूट घेणाऱ्यामागे आहे, देणाऱ्यामागे नाही. आई आणि बाबा दोघंही कव्हर्ड असले तरी त्या वर्षी सूट एकदाच.

दुसरी, मालमत्ता कुठे आहे आणि कधी घेतली याला किंमत नाही. ग्रीन कार्ड परत केल्यानंतर, भारतात कमावलेल्या पैशांतून, भारतात घेतलेला फ्लॅट असला तरी टॅक्स आहेच.

तिसरी, परदेशात भरलेला गिफ्ट किंवा इस्टेट टॅक्स यातून वजा करता येतो. पण सुरुवातीला काय बघितलं? आपल्याकडे हे दोन्ही टॅक्स नाहीतच. त्यामुळे वजा करायला काही नाही. जपान किंवा इंग्लंडमधल्या कुटुंबाला जी सवलत मिळू शकते ती आपल्याला मिळत नाही, कारण आपण टॅक्स भरलेलाच नसतो. दुहेरी कर टाळण्याचा भारत-अमेरिका करार इन्कम टॅक्सपुरता आहे, गिफ्ट आणि वारशासाठी दोन देशांत असा करार नाही.

चौथी, जिच्याबद्दल घरात बोललंच जात नाही. समजा, त्याच बाबांचा मुलगा पुण्यात आहे, अमेरिकेशी संबंध नाही. मृत्युपत्रात 'दोघांना समान' लिहिलंय. मुलाच्या हातात त्याचा पूर्ण हिस्सा. मुलीच्या हातात साठ टक्क्यांच्या आसपास. बाबांनी समानच दिलं, पण पोहोचलं समान नाही. 'मग सगळं भावाच्या नावावर करू, तो नंतर मला देईल' हा जुगाड लगेच सुचतो. पण कायद्यात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत. आधीपासून ठरवून फिरवलेला पैसा त्यात पकडला जाऊ शकतो, आणि भावाबहिणीच्या नात्यावर एवढं ओझं टाकणंही मला पटत नाही.

कशाला सूट आहे?

शाळा-कॉलेजची फी किंवा हॉस्पिटलचं बिल आईबाबांनी थेट त्या संस्थेला भरलं तर ते यात येत नाही. थेट, बरं का! मुलाच्या खात्यात टाकून त्याने भरलं तर नाही. अमेरिकेची नागरिक असलेल्या बायकोला किंवा नागरिक असलेल्या नवऱ्याला दिलेलं सुटतं. पात्र धर्मादाय संस्थांना दिलेलं सुटतं. आणि देणाऱ्याने स्वतःच अमेरिकेचं गिफ्ट किंवा इस्टेट टॅक्स रिटर्न वेळेत भरून त्यात ती गोष्ट दाखवली आणि देय टॅक्स भरला, तर पुन्हा घेणाऱ्यावर येत नाही.

फॉर्म दोन, गोंधळ एक

फॉर्म ३५२० आणि फॉर्म ७०८ यांची खूप सरमिसळ होते.

३५२० हा फक्त माहितीचा फॉर्म. अमेरिकेतल्या व्यक्तीला परदेशी व्यक्तींकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर भेट किंवा वारसा मिळाला की भरायचा. मुदत साधारणपणे १५ एप्रिल. टॅक्स शून्य. पण भरला नाही तर दंड दर महिन्याला रकमेच्या ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्के. हा सगळ्यांना लागू आहे, आईबाबांनी अमेरिका कधी पाहिलीही नसली तरी.

७०८ हा टॅक्सचा फॉर्म, कव्हर्ड माणसाकडून मिळालेल्यासाठी. ज्या वर्षी मिळालं ते वर्ष संपल्यानंतरच्या १८ व्या महिन्याची १५ तारीख ही त्याची मुदत. २०२५ मध्ये मिळालेल्यासाठी १५ जून २०२७. २०२६ साठी १५ जून २०२८. दोन्ही फॉर्म एकाच भेटीला लागू शकतात.

'मला काय माहीत बाबा कव्हर्ड आहेत ते?'

हे उत्तर चालत नाही. देणारा कव्हर्ड आहे का, हे शोधून काढायची जबाबदारी घेणाऱ्याची. आईबाबा हयात असतील तर त्यांच्या संमतीने मुलगा आयआरएसकडून माहिती मागू शकतो. देश सोडून गेलेल्या, हयात असलेल्या देणाऱ्याने ती संमती दिली नाही, तर तो कव्हर्ड आहे असंच गृहीत धरलं जातं, आणि नाही हे मुलाने सिद्ध करायचं. नीट चौकशी करून 'नाहीत' असं वाटलं, तरी खात्री म्हणून संरक्षणात्मक ७०८ भरता येतो. त्याने आयआरएसला प्रश्न विचारण्याची मुदत सुरू होते आणि पुढे संपतेही. नाहीतर तो प्रश्न कायम उघडा राहतो.

म्हणजे खरं काम आत्ताचं आहे, आईबाबा बोलू शकताहेत तेव्हाचं. वडील गेल्यावर बारा वर्षांपूर्वीचा ८८५४ कोणत्या फाइलमध्ये आहे, हे कोणाला विचारणार?

करायचं काय?

आईबाबांनी कार्ड अजून परत केलं नसेल, तर सगळे पर्याय हातात आहेत. आधी वर्षं मोजा. आठवं वर्ष लागायच्या आत सोडलं तर हा नियम लागूच होत नाही. आठ झाली असतील तर संपत्तीची बेरीज करा, मागच्या पाच वर्षांची रिटर्न तपासा, राहिलेली भरा, मग कार्ड सोडा आणि त्या वर्षीच्या रिटर्नबरोबर ८८५४ भरा.

मुलांना काही द्यायचंच असेल, तर ते जाण्याआधी देण्याचा हिशोबही मांडून बघा. अमेरिकेत कायमचं वास्तव्य असलेल्या माणसाला आयुष्यभराची गिफ्ट-इस्टेट सूट २०२६ मध्ये दीड कोटी डॉलर आहे. तीच भेट जाण्याच्या आदल्या महिन्यात दिली तर टॅक्स शून्य असू शकतो, फक्त फॉर्म ७०९ भरायचा. जाऊन कव्हर्ड झाल्यावर दिली तर १९,००० च्या वर ४० टक्के.

कार्ड आधीच परत केलं असेल, तर एक फाइल बनवा: आय-४०७ ची प्रत, ८८५४ ची प्रत, त्याआधीच्या पाच वर्षांची रिटर्न आणि सोडल्याच्या दिवशीच्या संपत्तीची यादी. ती मुलाकडे स्कॅन करून ठेवा. ही फाइल म्हणजे 'आम्ही कव्हर्ड नाही' याचा पुरावा.

आणि कव्हर्ड आहेतच असं दिसलं, तर वर्षाला १९,००० च्या आत देणं, नातवंडांची फी थेट भरणं, मृत्युपत्रात कोणाला काय जाईल याचा पुन्हा विचार करणं, हे मार्ग उरतात. यासाठी भारतातला सीए आणि अमेरिकेतला सीपीए, दोघं एकत्र लागतील. एकालाच विचारलं तर अर्धंच उत्तर मिळतं.

इनबॉक्समधले दोन प्रश्न

'भाऊ एच-वन-बी वर आहे, नागरिक नाही. त्याला लागू?' इथे व्हिसा बघत नाहीत, कायम राहण्याचा इरादा बघतात. घर घेतलंय, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, परत यायचा विचार नाही, तर लागू होऊ शकतो. उलट, नागरिक असलेला मुलगा बंगळूरला राहत असेल तरी त्याला लागू आहे.

'बाबा इथून पैसे पाठवतील त्यावर भारतात काय?' रहिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. भेट म्हणून पाठवताना वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो वेगळा टॅक्स नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो.

तर मंडळी, ही माहिती आहे, सल्ला नाही. प्रत्येक घराचे आकडे वेगळे. पण या रविवारी व्हिडिओ कॉलवर तब्येत आणि हवापाणी विचारून झालं की एवढं एक विचारा: 'बाबा, कार्ड कधी परत केलं होतं, आणि तेव्हा कुठले फॉर्म भरले होते?' उत्तरात नुसती शांतता आली, तर त्यांना हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या भागात!